मऊ राहिलेली धार

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी मला विद्यापीठाच्या उपकेंद्रात नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. उपकेंद्र शहराच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला. दोन प्रयोगशाळा, एक ग्रंथालय आणि मागच्या अंगाला पत्र्याची कार्यशाळा. कार्यशाळेत मी एकटाच. एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक ग्राइंडर आणि पोलादाला पाणी द्यायची, म्हणजे ते तापवून-बुडवून कठीण करायची, विजेची लहान भट्टी. संशोधन करणारी माणसं कागदावर काहीतरी काढून आणायची आणि मी ते धातूत उतरवून द्यायचो. बाजारात न मिळणाऱ्या वस्तू असायच्या त्या. नरसीजवळच्या एका खेड्यात मेंढ्या राखणाऱ्या घरातला मी, आयटीआय करून औरंगाबादला टूल रूममध्ये चार वर्षं शिकलेला. हात चांगला होता. सर, म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, पाहुणे आले की त्यांना कार्यशाळेत घेऊन यायचे आणि म्हणायचे, "याच्या बोटांना केसाच्या दहाव्या भागाइतका फरक कळतो." मी खाली मान घालून उभा राहायचो, पण ते मला आवडायचं.

त्या वर्षी सरांना मातीचा काटा हवा होता. कुरुंद्याकडं हळद खूप. विहिरीला पाणी आहे तोवर शेतकरी हळदीला देत राहतात. तिला खरोखर किती लागतं ते कुणी मोजलेलं नव्हतं. सरांची कल्पना अशी : शेतात खड्डा खोदायचा, त्यात एक मीटर लांब, तेवढीच रुंद आणि खोल अशी लोखंडी पेटी ठेवायची. पेटीत त्याच शेतातली माती भरायची आणि आजूबाजूला आहे तशीच हळद तिच्यात लावायची. पेटी कुठंच जमिनीला टेकायची नाही, खाली मोठ्या तराजूवर उभी राहायची. पीक पाणी पिणार, उन्हानं माती सुकणार, पेटी हलकी होणार. ती किती हलकी झाली ते रोज लिहिलं की हिशेब लागला. पेटी मातीसकट दीड टनाची आणि काट्यानं दाखवायचा शंभर ग्रॅमचा फरक. असा काटा परदेशात मिळायचा. सर म्हणाले, "आपण इथं करू."

मी पाच महिने त्यावर काम केलं. सगळा भार चार पोलादी धारांवर येणार होता. चार बोटं लांबीचे पोलादाचे तुकडे, खालची कड चाकूसारखी. त्या कडेवर तराजूची दांडी झुलायची. कड जितकी कठीण आणि तीक्ष्ण, तितका बारीक फरक काटा दाखवणार. तीन धारा उत्तम झाल्या. चौथीला पाणी देताना बारीक चीर गेली. उरलेल्या तुकड्यातून मी दुसरी घडवली आणि काट्याच्या उद्घाटनाच्या दोन दिवस आधी ती भट्टीत ठेवली. पोलाद लाल होऊन पुरेसं तापायच्या आतच वीज गेली. आमच्याकडं तेव्हा वीज कधीही जायची. मी भट्टीच्या दाराशी बसून राहिलो. रंग उतरायला लागला तसा घाबरलो आणि तुकडा काढून तेलात बुडवला.

थंड झाल्यावर कानस फिरवली. पाणी नीट बसलेल्या पोलादावरून कानस काचेवरून जावी तशी घसरते. या धारेच्या एका टोकाला ती धरली. थोडीच, पण धरली.

तसलं पोलाद संपलं होतं. औरंगाबादहून मागवायचं तर आठ-दहा दिवस गेले असते. कुलगुरू येणार होते, मांडव पडला होता, हळदीचे कोंभ आले होते. मी सरांना सांगितलं असतं तर त्यांनी आरडाओरडा केला असता आणि शेवटी तारीख पुढं ढकलली असती. मी सांगितलं नाही. एक टोकच मऊ आहे, पुढच्या उन्हाळ्यात बदलून टाकू, असं स्वतःशी म्हणालो. धारेला ग्राइंडरवर कड काढली, चकचकीत केली, बसवली. तपासणीच्या कागदावर चार रकाने होते. चारही रकान्यांत मी 'योग्य' लिहिलं आणि खाली सही केली.

काट्याच्या नोंदी घ्यायला सरांकडं पीएच.डी. करणारी एक मुलगी नेमली होती. शिरड शहापूरची. घरी आई आणि धाकटा भाऊ. वडील गेल्यावर आईनं शाळेत खिचडी शिजवून या दोघांना शिकवलं होतं. गावातल्या बौद्ध वस्तीतून एम.एस्सी. झालेली ती पहिलीच मुलगी होती. मला ती भाऊ म्हणायची, मी तिला ताई. तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती आणि तेवढ्यात काम संपवायचं होतं. कुरुंद्यात एका घरी तिनं खोली घेतली. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला शेतात जाऊन काट्याचा आकडा वहीत लिहायचा, आठवड्याला आलेख काढायचा. एकही दिवस चुकवायचा नाही.

ज्यांचं शेत होतं ते म्हातारे शेतकरी मला मिस्तरी म्हणायचे. पहिल्या दिवाळीला मी गेलो तेव्हा म्हणाले, "मिस्तरी, तुमची बाई लई कडक हाय बरं का. माझी म्हैस पिळून व्हायची न्हाई तं ही बांधावर हजर. परवा धो धो पाणी येऊन राहिलं व्हतं. म्हनलं, लेकरा, आज काहून आली? तं म्हनते, काका, पाण्याचाच तं हिशेब हाय."

ताई हसली. वहीवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली होती.

पहिल्या उन्हाळ्यात हळद निघाल्यावर धार बदलायची, असं मी ठरवलं होतं. पण पेटी उचलायला साखळीची कप्पी आणि सहा माणसं लागायची, आणि ती मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी नुसती वजनं घेऊन गेलो. एक किलोचं वजन पेटीवर ठेवलं. काट्यानं नऊशे दाखवलं. मी दांडीवरचा तोल थोडा सरकवला, हजार आणलं आणि परत आलो. मऊ धार ठेवली त्याहून हे वाईट होतं. धार ठेवताना मला पुढचं दिसत नव्हतं. या वेळी काट्यानं मला सांगितलं होतं आणि मी त्याचं तोंड दाबलं.

दुसरा हंगाम तिनं पहिल्यासारखाच काढला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईनं स्वतःच निरोप धाडला. मी गेलो तर म्हणाली, "भाऊ, सकाळी काटा अडकतो. टिचकी मारली की हलतो. टिचकी मारून लिहू की न मारता लिहू?"

"किती दिवसांपासून?"

"पोळ्यानंतर कधीतरी ध्यानात आलं. मी दोन्ही आकडे लिहून ठेवले हायेत."

या खेपेला मी माणसं आणि कप्पी आणली. पेटी वर उचलून बाजूला केली आणि खड्ड्यात उतरलो. माझे वडील मेंढ्यांच्या कातरीला धार लावायचे तेव्हा कातर उन्हात धरून बघायचे. चांगली धार दिसत नाही, बोथट झालेली चमकते, हे त्यांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. बॅटरीच्या उजेडात तीन धारा मला दिसल्या नाहीत. चौथीच्या टोकाला नखाएवढी रुंद पट्टी चकाकत होती. कड दबून सपाट झाली होती. तराजू झुलायच्या ऐवजी त्या पट्टीवर बसून राहत होता आणि भार फार झाला की एकदम सरकत होता. दोन हंगामांतला कुठला आकडा खरा आणि कुठला अडकलेला, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

खिशात नवी धार होती. या वेळी नीट पाणी दिलेली. मी ती बसवली आणि जुनी रुमालात गुंडाळून खिशात घातली. वर आलो तेव्हा ताई काठावर वाकून उभी होती.

"काय झालं व्हतं?"

"धूळ," मी म्हणालो. "धूळ बसली होती. साफ केली."

तिनं वहीत तारीख घालून लिहिलं : धूळ साफ केली.

तिसऱ्या हंगामात, दसऱ्याच्या आसपास, ती कार्यशाळेत आली. तिन्ही वर्षांच्या वह्या बाकावर उघडून ठेवल्या. "भाऊ, हे बघा. तेवढ्याच वयाची पानं, तेवढंच ऊन. पण यावर्षी हळद तिसऱ्या हिश्श्यानं जास्त पाणी पिऊन राहिली. तुमी काटा साफ केल्यापासून. आधीचं काहीतरी चुकतंय."

मी आकडे बघितले. ते इतके सरळ सांगत होते की मला तिच्याकडं बघवेना. "सरांना दाखवा," मी म्हणालो.

तिनं दाखवले. दोन दिवसांनी मला सरांच्या खोलीत बोलावणं आलं. ती टेबलासमोर उभी होती, सरांच्या पुढ्यात वह्या आणि माझा सही केलेला तपासणीचा कागद.

सर तिला म्हणत होते, "हळद तीच, शेत तेच, काटा तोच. पहिली दोन वर्षं आकडे कमी आणि शिष्यवृत्ती संपत आली की आकडे खरे? मी सांगतो काय झालं. पहिली दोन वर्षं तू रोज गेलीच नाहीस. खोलीवर बसून वही भरलीस. आता भीती वाटली म्हणून जायला लागलीस."

"सर, मी रोज गेले. काटा सकाळी अडकायचा."

"मग काटा खोटा बोलला?" सर माझ्याकडं वळले. "उन्हाळ्यात काय दुरुस्त केलंस?"

"साफसफाई केली सर. धूळ होती."

"काट्यात दोष होता?"

एवढा एक प्रश्न होता. माझी जीभ जड झाली होती असं काही मी म्हणणार नाही. माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट विचार चालू होता : नोकरी, सही, आणि पाहुण्यांपुढं सर जे बोलायचे ते.

"नाही सर," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. कागदावरच्या चार 'योग्य'कडं बघत होती. मग परत एकदा म्हणाली, "मी रोज गेले," आणि वह्या उचलायला लागली.

पुढच्या आठवड्यात ती कुरुंद्याच्या म्हाताऱ्यांना घेऊन आली. त्यांनी धोतर-टोपी घातली होती, चपला दाराबाहेर काढल्या. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हातारे म्हणाले, "साहेब, म्या डोळ्यानं पाह्यलं. पोरगी एक दिस चुकली न्हाई. तिला ताप व्हता तवा माझ्या नातीच्या खांद्यावर हात ठिवून आली." सरांनी मान हलवली, "बरं, बरं," म्हणाले आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या. म्हातारे बाहेर आले तेव्हा कार्यशाळेच्या दारात मी उभा होतो. "मिस्तरी, तुमी तं खाली उतरून पाह्यलं व्हतं," ते म्हणाले. "तुमी बी सांगा की जरा." मी म्हणालो, "बघतो काका."

पहिल्या दोन हंगामांचे आकडे सरांनी रद्द केले. एका हंगामावर प्रबंध होत नाही. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपली. ती गेली त्या दिवशी मी रजेवर होतो. रजा मी मुद्दाम घेतली होती.

त्यानंतर माझं काम बिघडलं. हात तसाच होता, पण मोजलेलं मी चार-चार वेळा मोजायला लागलो. मायक्रोमीटर लावायचा, आकडा वाचायचा, आणि वाचलेल्यावर विश्वास बसायचा नाही. जेवताना बायको विचारायची, "काय झालंय?" मी म्हणायचो, "कामाचं हाय काहीतरी." रुमालातली धार मी कार्यशाळेतल्या खणात ठेवली होती. फेकवत नव्हती.

आठ-नऊ महिन्यांनी सर कार्यशाळेत आले. कापसासाठी दुसरा काटा करायचा होता. "तुझ्या काट्यावर माझा लेख छापून आलाय," म्हणाले. "काटा नंबर एक. पोरगी लबाड निघाली एवढंच."

लबाड हा शब्द ऐकल्यावर मी खण उघडला, धार बाकावर ठेवली आणि सगळं सांगितलं. वीज गेली तिथपासून 'नाही सर'पर्यंत. सरांनी भिंग घेऊन ती चकाकती पट्टी बराच वेळ पाहिली.

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस. लेखात काट्याचं वर्णन आहे, अचूकता आहे, सगळं आहे. तुझंही नाव खाली आभारात आहे. ती आता गेली. तिचं लग्नबिग्न होईल. कुणाचं काय भलं होणार आहे?"

ते भिंग ठेवून निघून गेले. त्या रविवारी मी शिरड शहापूरला गेलो.

ती गावातल्या शाळेत तासावर विज्ञान शिकवत होती. घर दोन खोल्यांचं. मला बघून आईनं पाणी आणलं आणि, "तिच्या हाफिसातले का तुमी?" असं विचारून आत गेली. मी खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं. मी धार तिच्या हातात दिली. ती खिडकीशी गेली, उजेडात तिरपी करून बघितली.

"एवढंसं," ती म्हणाली.

"व्हय."

"भाऊ, मी वर्ष झालं माझ्याच वह्या तपासून राहिले. मला वाटलं मीच कुठं तरी चुकीचं वाचलं. टिचकी मारली तिथं चुकलं का, सकाळी उशीर झाला का. रात्री आई म्हणायची, झोप आता. आणि तुमाला ठाऊक होतं."

तिनं धार पुन्हा उजेडात धरली.

"आता हे बघून आधीचे आकडे सुधारता येतात का? धार किती झिजली ते धरून?"

"न्हाई येत. अडकलेला काटा कधी किती अडकला ते मागून काढता येत न्हाई."

"मग कशाला सांगायला आलात?"

तिनंच मग शाळेची वही आणि पेन आणून माझ्यापुढं ठेवलं. "लिहून द्या."

मी लिहायला लागलो. ती बाजूला उभी राहून वाचत होती. 'धार थोडी मऊ राहिली' असं मी लिहिलं तेव्हा म्हणाली, "थोडी म्हणजे किती? कोणतं टोक? पट्टी किती रुंद? मोजून लिहा." खिशात मोजपट्टी होती. मी मोजलं आणि लिहिलं. पहिल्या उन्हाळ्यात नऊशेचे हजार केले तेही लिहायला लावलं. तीन पानं झाली. प्रत्येक पानावर सही घेतली. जाताना आईनं चहाचं विचारलं, तर ती आतून म्हणाली, "त्यांना गाडीचा उशीर होईल."

तिनं तो कागद जोडून विद्यापीठाकडं अर्ज केला. समिती बसली. मला बोलावलं तेव्हा मी सगळं सांगितलं, धार टेबलावर ठेवली. सरांनी आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगितलं. दीड वर्षानं पत्र निघालं. यंत्रात दोष असल्याचं मान्य, विद्यार्थिनीवरचा संशय काढण्यात येत आहे. सदर नोंदी वापरता येणार नाहीत. नोंदणीची मुदत संपल्यानं नव्यानं प्रवेश घ्यावा. सर त्याआधीच निवृत्त झाले होते, मोठा सत्कार झाला होता. मला कार्यशाळेतून काढून इमारतीच्या देखभालीला लावलं. पंखे, नळ, दारांच्या कड्या. लेथवर दुसरा माणूस आला. कुरुंद्याच्या शेतातली पेटी भंगारात गेली आणि उघड्या खड्ड्यात म्हाताऱ्यांची शेळी पडून मेली, तेव्हा त्यांनी तो दगडमातीनं बुजवून टाकला. मी भेटायला गेलो तर ते बांधावरूनच परत वळले.

पत्राची नक्कल मलाही आली होती. ती घेऊन मी पुन्हा शिरड शहापूरला गेलो, या वेळी शाळेत. तिला पत्र मिळालेलं होतं. वऱ्हांड्यात आम्ही उभे राहिलो. मी म्हणालो, "ताई, नव्यानं प्रवेश घ्या. जे लागंल ते मी करून देतो."

"भावाचं शिक्षण चालू हाय. आता पुन्हा तीन वर्षं कोण सोडतंय मला?" ती म्हणाली. "मी खोटी न्हाई असं लिहून आलं. आई ते शेजारणीला दाखवून आली. पण काम तं गेलंच ना." मग तिनं विचारलं, "ती मऊ धार पहिल्यांदा बसवली तवा पहिले काही दिवस तरी चांगली असंल ना? किती दिवस?"

मी विचार केला. या खेपेला खोटं बोलायचं नव्हतं, दिलासा म्हणूनही नाही. "नक्की सांगता येत न्हाई. दोन महिने बराबर चालली असंल. फार तर अडीच."

"म्हणजे कोंभ आल्यापासून पोळ्याच्या आत." ती मनात मोजत होती. "तेवढी पहिली वही आणि तिसऱ्या वर्षाच्या ठेवते. बाकीच्या टाकून देते."

तासाची घंटा झाली. वर्गातून पोरांचा गलका येत होता. ती खडू आणि डस्टर घेऊन आत गेली. मी फाट्यावर येऊन हिंगोलीच्या गाडीची वाट बघत बसलो. त्यानंतर आमची भेट झालेली नाही.